मापांच्या वहीतलं शेवटचं पान

बाबा,

कामावर निघालेय. सकाळी तुम्ही फिरायला गेलात तेव्हा तुमचा फोन मी न विचारता अपडेट केला. म्हटलं, जरा पटपट चालेल. आता सगळी बटणं इकडची तिकडे झालीत. चांगलं चालणारं बटण हलवायची या कंपनीवाल्यांना काय खाज असते, देव जाणे!

मग कात्री शोधताना शिलाई मशीनच्या खणात तुमची मापांची वही सापडली. गिऱ्हाइकांच्या छाती-कंबरेच्या मापांमागे फोनची एकेक स्क्रीन पेन्सिलीने काढलेली, पट्टीने आखून. फोटो कसा पाठवायचा, अक्षरं मोठी कशी करायची. तुमची चार महिन्यांची मेहनत मी एका बोटाने पाण्यात घातली.

शेवटच्या पानावर लिहिलंय, ‘पोरीला एकदाच विचारायचं. दुसऱ्यांदा विचारलं की ओरडते.’

संध्याकाळी लवकर येते. पेन्सिलीला टोक करून ठेवा, नवी चित्रं मिळून काढू. मघाशी एकटीच काढायला बसले होते, तर फोटो पाठवायचं बटण मलाच तीनदा शोधूनही सापडलं नाही.

माझ्यावर कुणी ओरडलं नाही.