ओढ्याकडचा पट्टा

शुक्रवार, दिवाळी होऊन दहा दिवस

पाखरं आली. आज आली!

माळाचं गवत आम्ही दरवर्षी कापतो, पण ओढ्याकडचा एक पट्टा भोवत्यांसाठी उभा ठेवतो. घारीसारखी ही पाखरं थंडीत येतात आणि झाडावर नाही, उंच गवतात जमिनीवरच झोपतात. एरवी दसऱ्याला येतातच. यंदा दिवाळी गेली तरी एकही नाही. जाऊबाई म्हणाल्या, "आता नाय यायची गं, काप तो पट्टा." परवा मीच विळा लावला. दोन दिवस थांबले असते तर?

आज दिवेलागणीला सात पाखरं त्या पट्ट्यावर घिरट्या घालत होती. खाली यायची, पुन्हा उठायची. शेवटी दमून तिथेच बसली, उघड्या खुंटांत. नव्या बिल्डिंगांकडची मोकाट कुत्री रोज तिथूनच पाण्यावर जातात.

कापलेल्या गवताचे भारे गोठ्यात आहेत. बॅटरी घेऊन गेले, चार भारे सोडून त्यांच्याभोवती आडोशाला पसरले तर? पण मला बघून उडाली, तर अंधारात जातील कुठे? आणि नाही गेले तर...

कुत्रं भुंकलं. ओढ्याकडूनच.