चाकूला सांगितलेलं काम

माय, तुला अक्षरओळख नव्हती, त्यामुळं माझं प्रत्येक पत्र शाळेचे मास्तर तुला वाचून दाखवायचे. मास्तर वाचणार म्हणून जे लिहिता आलं नाही ते आज लिहायला बसलोय. मास्तर गेले, आणि तुला जाऊन तर पन्नासाच्या वर वर्षं झाली. हे पत्र कुठल्या पेटीत टाकायचं ते मला ठाऊक नाही, म्हणूनच कदाचित हात मोकळा झालाय.

भालकीचा बाजार आठवतो. ट्रेनिंग संपवून मी पहिल्या सुट्टीवर आलोय. सुट्टी संपली की डोंगरातल्या ठाण्यावर जायचं आहे, आणि पलटणीतल्या एका जुन्या नाईकानं बजावलंय की सरकारी संगीन परेडला ठीक आहे, रोजच्या कामाला आपला एक चाकू घेऊन ये. मी एकटाच जाणार होतो, पण तू डोईवर पदर घेऊन माझ्याआधीच वाटेला लागलीस. वीस वर्षांचा फौजी गडी आईला बरोबर घेऊन चाकू घ्यायला निघालाय, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चाकूवाले चाचा पोत्यावर माल मांडून बसले होते. माझी नजर गेली ती एका लांब, दोन्ही अंगांना धार असलेल्या, हाडाच्या मुठीच्या चाकूवर. चाचांनी तोच उचलून माझ्यापुढं धरला, "ये लेव बेटा, फौजी के लायक हे." मी घ्यायच्या आत तू तो घेतलास आणि उलटासुलटा करून पाहिलास.

"दोन्हीकडून धार कामून? दाबताना अंगठा कुठं ठेवतोस?"

"माय, मी काय फौजेत कांदे चिरायला जायलोय का?"

आजूबाजूची माणसं हसली. तू हसली नाहीस. "मग काय चिरायला जायलास?" एवढंच म्हणालीस, आणि तो चाकू परत पोत्यावर ठेवलास. मला नुसता राग आला.

मग तू चाचांकडून तेलाची वाटी मागून घेतलीस. तळहाताला तेल फासलंस आणि एकेक चाकू मुठीत धरून मला म्हणालीस, वढ. जो सुटला तो बाजूला. पावसात, घामात हात असाच होतो, असं तू सांगत होतीस. रक्ताचं नाव तू घेतलं नाहीस. मग मुठीच्या बुडाकडून बघितलंस, पातं आत शेवटापर्यंत गेलंय का. अर्ध्यात थांबलेलं पातं जोर दिला की मुठीतून निखळतं, हे तुला माहीत होतं, कारण तुझा बाप जन्मभर मेंढरांमागं हिंडला आणि खुरातले काटे काढता काढता तू वाढलीस. शेवटी तू निवडलास तो अगदीच साधा निघाला: वीतभरही नाही, एकाच अंगाला धार, पाठ जाड, बाभळीची मूठ, पितळेचे दोन खिळे. चाचा मान डोलवत म्हणाले, "अम्मा को परख हे." मी वाटभर तुझ्या चार पावलं पुढं चालत राहिलो. आज मला विचारशील तर सांगतो, नोकरीत मी शेकडो चाकू पाहिले, त्याच्यापेक्षा कामाचा एकही नव्हता.

घरी आल्यावर तू तो चुलीपुढं मांडलास, हळद-कुंकू लावलंस. आपल्यात नवं हत्यार घरात आलं की त्याला त्याचं काम सांगायची रीत. विळ्याला ज्वारी सांगायची, कातरीला लोकर. एकदा काम सांगितलं की हत्यार दुसऱ्या कामाला वळत नाही, असं तू मानायचीस. तू चाकूवर हात ठेवून म्हणालीस, "दोर काप, भाकर काप, काटा काढ. माणसाला शिवू नकोस." आणि माझ्याकडं बघितलंस. "तू बी म्हण."

"माय, फौजेत असं चालत न्हाई."

"म्हण म्हणलं ना."

निजामाचं राज्य गेलं त्या गडबडीच्या वर्षी माझ्या बापाला, अप्पाला, शेतातून येताना वाटेवर कापलं होतं. कुणी ते तुला माहीत होतं, पण तू मला कधीच सांगितलं नाहीस, पोरगा विळा घेऊन धावेल म्हणून. सगळं थंडावल्यावर मी तुला न विचारता बिदरला जाऊन भरती झालो, तेव्हाही तू आडवी आली नाहीस. तुझं मागणं एवढं एकच होतं. मी चाकूवर हात ठेवला आणि म्हणालो. तुझा चेहरा सैल झाला, तू उठून भाकरी थापायला बसलीस.

मला वाटत होतं की मी तुझं मन राखायला म्हणालो. भालकीला गाडीत बसलो, गाडी मांजरेच्या पुलाकडं निघाली, आणि कमरेचा चाकू मला जड व्हायला लागला. ट्रेनिंगमध्ये शिकवलं होतं की ज्याचा हात थबकतो तो मरतो. हा चाकू थबकणार होता. त्याला काम सांगून झालं होतं, मी स्वतः सांगितलं होतं, आणि ऐन वेळी तो माझं ऐकणार नाही याबद्दल माझ्या मनात तिळमात्र शंका नव्हती. बाजारात तुला हसणारा मी तुझ्याइतकाच, कदाचित तुझ्याहून जास्त, त्या रीतीवर विश्वास ठेवून होतो. पूल आला. मी दारात उभा राहिलो आणि चाकू खाली पाण्यात सोडला. दिवसाढवळ्या, डबा माणसांनी भरलेला, कुणी काही विचारलं नाही.

महिन्याभरात मास्तरांच्या अक्षरात तुझं पत्र आलं. खुशालीच्या पुढं लगेच, चाकूनं काय काय केलं ते लिही. मी लिहिलं, तंबूचे दोर कापले, बुटातला काटा काढला. पुढच्या वेळी लिहिलं, खेचराच्या पायात तार अडकली होती ती सोडवली. कामं खरी असायची. चाकू त्या नाईकाचा असायचा. मास्तरांनी एकदा आपणहून खाली एक ओळ घातली होती की तुझी आई हे सगळ्या गल्लीला सांगते. आणि ज्या भीतीनं मी तो फेकला ती वेळ माझ्यावर कधी आलीच नाही. पुढं लढाया झाल्या, तेव्हाही मी मागच्या तळावर खेचरंच सांभाळत होतो. माणसावर मी आयुष्यात हत्यार उचललं नाही, माय. तो चाकू सुखानं माझ्याजवळ राहिला असता.

राज्यं बदलली, बिदर म्हैसूर राज्यात गेलं, ते तू पाहिलं नाहीस. त्याच्या आदल्या वर्षी तुझ्या जाण्याचं पत्र आलं. मास्तरांनी शेवटी लिहिलं होतं, दोन दिवस आधी आईनं निरोप सांगितला, तो तुला नाही, चाकूला आहे. "त्याला म्हणावं, माझ्या लेकराला संभाळलास, सांगितलेलं काम इमानानं केलास."

मी ते पत्र घडी करून खिशात ठेवलं. खेचरांच्या तबेल्यामागं नाईक दोर कापत बसला होता. त्याच्याकडून चाकू मागून घेतला, पाठ फिरवली आणि त्या परक्या चाकूला तुझा निरोप शब्द न गाळता सांगितला. नाईकानं मागून विचारलं, काय पुटपुटतोयस? मी म्हणालो, काही नाही, धार बघतोय.