डब्यातली साखर

दीपनगर. रविवार, पौष

पिंकीला जळगावला तिच्या आईकडे सोडून आत्ताच परतलो. डोक्यातून तो डबा जात नाही.

गेल्या रविवारी पिंकीबरोबर भरीत पाठवलं होतं. कपाशीच्या काड्यांवर भाजलेलं वांगं सुनंदाला आवडतं. वेगळं झालो म्हणून आवड थोडीच बदलते. तिच्याकडूनही डबा कधी रिकामा आला नाही. कधी शेव, कधी तिळाचा लाडू. आम्ही बोलत नाही, पण डबा येतो-जातो. तेवढ्यावर मी आठवडा काढतो, हे कुणाला सांगू?

आज डब्यात नुसती साखर होती. तळाला, चमचाभर. रागावली असेल? की घाईत होती? मग वाटलं, घरात काही नसेल, तरी तिने रिकामा नाही दिला. चमचाभर साखरेवर मी दिवसभर खूश. चहात घालवेना. वाटीत काढून ठेवली आणि डब्यात पुन्हा भरीत भरलं.

एसटीत पिंकी डबा मांडीवर धरून बसली होती. म्हणाली, "पप्पा, साखर कमी होती का? बरणी वर होती, माझा हात पुरत नव्हता."

"तू भरलीस?"

"आईने डबा धुऊन तसाच पिशवीत टाकला होता. कुणाचा डबा रिकामा देत नाहीत ना?"

"पुष्कळ होती," मी म्हणालो.

स्टँडवर सुनंदा उभी होती. पिंकीने डबा तिच्या हातात दिला. "आई, पप्पा म्हणाले साखर पुष्कळ होती."

सुनंदाने माझ्याकडे बघितलं. "कसली साखर?"

कितीतरी महिन्यांनी माझ्याशी बोलली. आणि मी परतीची एसटी पकडली.

वाटी समोरच आहे.