टेबलफॅनने पास केलेले सेट

सर्व्हे कँप, ओमान
ता. ५ फेब्रुवारी १९८९

चि. बकुळास,
दादाचा सप्रेम जयभीम व अनेक आशीर्वाद. वि. वि.

गेल्या आठवड्यात सामान आणायला मस्कतला गेलो होतो. एका दुकानात काचेच्या कपाटात जीपमध्ये बसवायचा वायरलेस सेट दिसला. पुढच्या बाजूला इतके दिवे की लग्नाचा मांडव वाटावा. दुकानदाराने खोका उघडला, तर आत तपासणीचं कार्ड आणि त्यावर तुझी सही! बी. बी. जी., आणि त्या जीचं शेपूट थेट कार्डाच्या कडेपर्यंत. शाळेच्या वहीत असंच शेपूट काढायचीस म्हणून बाईंनी पट्टी मारली होती, आठवतं? ही माझी बहीण आहे असं दुकानदाराला सांगितलं. त्याला वाटलं भाव पाडायला थापा मारतोय.

आता कामाचं. आमच्या जीपमधले जुने सेट मेले आहेत. पाइपलाइनच्या पाहणीला आम्ही दोन दोन जीप वाळवंटात सोडतो, एकमेकींपासून वीस-पंचवीस किलोमीटरवर. तिथे सेट बंद पडला की माणूस एकटा. साहेब नवीन सेट घ्यायच्या विचारात आहेत. मी तुझं नाव सांगू का? एका ओळीत हो किंवा नाही कळव. मला मशीनमधलं कळत नाही, पण माझी बहीण कुठे सही करते ते कळतं.

आईच्या गुडघ्याचं काय? खरवईच्या नव्या घरात पाणी वरपर्यंत चढतं का? बाबांना सांग, चौदा एप्रिलच्या वर्गणीत माझं नाव विसरू नका.
लोभ आहेच, तो वाढता ठेव.

तुझा,
जयदेव


खरवई, बदलापूर
ता. २१ फेब्रुवारी १९८९

ती. दादास,
बकुळाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. घरी सर्व ठीक. पाणी सकाळी पाऊण तास वरपर्यंत चढतं. आईचा गुडघा तसाच आहे, पण माझ्यासाठी स्थळ बघायला कल्याणपर्यंत जायचं असलं की दुखत नाही. मागच्या रविवारी आलेल्या मंडळींनी विचारलं की मुलगी काय करते. आईने सांगितलं, रेडिओच्या कंपनीत आहे. त्यांना वाटलं मी बातम्या वाचते. मुलाने गाणं म्हणून दाखवायला सांगितलं. मी नाही म्हटलं.

तुझ्या प्रश्नाबद्दल. एका ओळीत उत्तर देता येत नाही. कल्याणजवळच्या सिंधी वसाहतीतला, कॅम्प चारमधला आमचा वर्कशॉप म्हणजे पत्र्याच्या छपराखाली दोन खोल्या आणि सात माणसं. टेकचंद शेठनी बाहेरचा एक सेट नमुना म्हणून आणला, त्यावरून आमचा तयार झाला. नमुन्यात जे दिसतं ते आम्ही सगळं घेतलं. दिव्यांची रांग, नाचणारा काटा, आवाज घुमवायचं बटण, बोलणं संपल्यावर वाजणारी शिट्टी. जे दिसत नाही त्यात काटछाट केली. आवाज घुमवण्याचा वायरलेसला काहीही उपयोग नाही, उलट शब्द कळेनासे होतात. हे मी शेठना सांगितलं. ते म्हणाले, साईं, गिऱ्हाईक खोका उघडून बघत नाही, पुढून बघतो.

मला सेट आवडत नाही. पण आवडत नाही म्हणून नापास करता येत नाही. मी प्रत्येक सेट दहा मिनिटं बोलता ठेवून फ्रिक्वेन्सी मोजते. शंभर हर्ट्झच्या आत राहिला तर सही करते. आतापर्यंत सगळे राहिले आहेत. तपासणीत पास होतात, एवढं मी सांगू शकते.
काळजी घे, आणि लिहीत जा.

तुझी,
बकुळा


सर्व्हे कँप, ओमान
ता. १२ मार्च १९८९

चि. बकुळास,
अनेक आशीर्वाद व जयभीम. वि. वि.

तुझं हो पोचलं. दोन पानं नन्नाचा पाढा वाचून शेवटी पास म्हणतेस, म्हणजे माल पक्का. आई जेवण बरं झालंय म्हणाली तर आपण ताट चाटून पुसायचो, तसंच तुझं. साहेबांना सांगितलं की ही मुलगी डिप्लोमाला पहिली आली, ही सही करते म्हणजे विषय संपला. त्यांनी आठ सेट मागवले. बसवूनही झाले. कँपवर आता मला सगळे रेडिओवाल्या बाईचा भाऊ म्हणतात.

ईद झाली की दहा मेपासून आम्ही आत, दूरच्या भागात जाऊ. माझ्या जोडीच्या दुसऱ्या जीपवर भगवंत आहे, राजापूरचा ड्रायव्हर. गाणी फार वाईट म्हणतो, पण गाडी सोन्यासारखी चालवतो. आता तो सेटवर गातो आणि आवाज घुमवायचं बटण पूर्ण फिरवतो. तू म्हणतेस उपयोग नाही, त्याला विचार.
आठवण ठेव, एवढंच मागणं.

तुझा,
जयदेव


खरवई, बदलापूर
ता. २ एप्रिल १९८९

ती. दादास,
सप्रेम जयभीम. वि. वि.

हे पत्र दोनदा वाच.

सोमवारी शेठच्या मुलीचा साखरपुडा होता. हॉलवर पंखे कमी पडले म्हणून वर्कशॉपचा टेबलफॅन तिकडे गेला. हा पंखा माझ्या तपासणीच्या टेबलावर असतो, कारण पत्र्याखाली दुपारी बसवत नाही. तीन दिवस पंखा नव्हता. त्या तीन दिवसांत अकरा सेट तपासले, त्यातले नऊ नापास झाले. सगळे म्हणाले क्रिस्टलचा लॉट खराब आला. वायरिंग करणारे मधूकाका म्हणाले, पोरीची नजर लागली, आधीपासूनच तिला सेट आवडत नाहीत. गुरुवारी पंखा परत आला. तेच नऊ सेट पुन्हा लावले. नऊच्या नऊ पास. शेठनी पेढे वाटले.

मी पेढा खाल्ला नाही. पंखा बंद केला आणि एक सेट झाकण लावून बोलता ठेवला. आठ मिनिटांत दीड किलोहर्ट्झ खाली घसरला. पंखा लावला, परत जागेवर आला. मग खोलून नमुन्याच्या शेजारी ठेवला. आमच्या सेटमध्ये जो भाग सर्वांत तापतो तो मागच्या पत्र्याला रंगावरूनच आवळला आहे, त्यामुळे उष्णता बाहेर जात नाही. फ्रिक्वेन्सी धरून ठेवणारं क्रिस्टल त्याच्यापासून दीड इंचावर आहे. नमुन्यात त्यावर पत्र्याची डबी आहे. आमच्यात नाही. शेठ म्हणाले होते, डबीने काय होतं.

दीड वर्ष मी सह्या करते आहे. सेट पास होत नव्हते. टेबलफॅन पास होत होता.

मी तुला खोटं लिहिलं नव्हतं. पण तपासणीत पास होतात हे लिहिताना तपासणी कुठे बसून होते, ते मी स्वतःला विचारलं नाही. तुझ्या जीपमध्ये पंखा नाही.

आज तारही केली आहे. तुम्ही लोकांनी हे करायचं:

सेट इंजिनच्या बाजूला बसवला असेल तर काढून सीटच्या मागे बसवा. मागचा स्क्रू सोडून खालचा रंग घासून काढा. क्रिस्टलवर थर्माकोलचा तुकडा घट्ट बसवा. एका वेळी दहा सेकंदांपेक्षा जास्त बोलू नका. आणि सर्वांत महत्त्वाचं: समोरच्याचा आवाज बदकासारखा येऊ लागला तर सेट बिघडला समजून बंद करू नका. क्लॅरिफायरचं बटण हळूहळू डावीकडे फिरवा. ते बटण फक्त ऐकणं सरकवतं, बोलणं नाही. म्हणून ज्याची फ्रिक्वेन्सी घसरली त्याला काही करता येणार नाही. ऐकणाऱ्यानेच त्याच्या मागे खाली जायला हवं.

हे साहेबांना सांग. तुला अवघड जाईल, माहीत आहे. तरी सांग.

शेठना सगळं दाखवलं. ते म्हणाले की बेटी, पंखा कंपनीचा आहे, लावायचा, त्यात गुन्हा काय.
उत्तर लगेच दे.

बकुळा


खरवई, बदलापूर
ता. ८ मे १९८९

ती. दादास,
जयभीम. वि. वि.

तारेला उत्तर नाही. पत्राला नाही. आज छत्तिसावा दिवस. बाबा म्हणतात रमजानमध्ये तिकडचं टपाल साचतं. पोस्टमन गल्लीत वळला की आई ओट्यावरून उठते आणि गुडघा धरून परत बसते. तिला मी काही सांगितलेलं नाही.

मी पंखा लावत नाही. रोज नापास सेटांची रास वाढते. काल शेठनी सह्यांचं काम मधूकाकांना दिलं. काकांनी पेन हातात घेतलं, कार्ड उलटसुलट केलं आणि चष्मा घरी राहिला असं सांगितलं. काकांना चष्मा नाही.

घरी एक सेट आणला आहे. दिवसा गच्चीवरच्या पत्र्यावर ठेवते आणि संध्याकाळी मोजते. तुझ्याकडच्या उन्हात काय होत असेल त्याचा हिशेब रोज वेगळा येतो. परवा तू निघणार. तूर्त फक्त एवढं कर, एक ओळ पाठव.

बकुळा


सर्व्हे कँप, ओमान
ता. १९ मे १९८९

चि. बकुळास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

आधी हे वाच: मी धडधाकट आहे.

तुझी तार मस्कतच्या ऑफिसात ईद होईपर्यंत पडून होती. पत्र मला पंचवीस एप्रिललाच मिळालं. होय, मिळालं. मी ते कोणाला दाखवलं नाही. ज्या तोंडाने माझी बहीण असं सांगितलं, त्याच तोंडाने आठही सेट कच्चे आहेत असं साहेबांना कसं सांगू? रंग घासला नाही, थर्माकोल लावला नाही. तुझ्यावर रागावलो होतो, म्हणून उत्तर दिलं नाही. फक्त भगवंत माझ्या आवाजाची बदक बदक म्हणून नक्कल करू लागला, तेव्हा त्याला सांगितलं की हसू नको, क्लॅरिफायरचं बटण डावीकडे फिरव. तो म्हणाला, बहिणीने भावाला चावी लावून पाठवलाय.

तेरा तारखेला दुपारी कोरड्या ओढ्यात माझ्या जीपचा अ‍ॅक्सल मोडला. सोबत एक ओमानी पोरगेलासा इंजिनियर होता, त्याचा पाय दगडात सापडला. मी घाबरून बोलत सुटलो. दहा सेकंद कुठले, पाच मिनिटं बटण सोडलं नाही. सेटवर हात ठेववत नव्हता. कँपवरच्या माणसाने नंतर सांगितलं की कोणीतरी क्वॅक क्वॅक करत होतं, त्रास नको म्हणून त्याने आवाज कमी केला.

बावीस किलोमीटरवर भगवंतने तेच ऐकलं. त्याने बटण डावीकडे फिरवलं. थोडं, मग आणखी, मग अगदी टोकापर्यंत. टोकाला पोचल्यावर त्याला माझा आवाज सापडला. मी तेव्हा खुणेच्या टेकडीचा नंबर सांगत होतो. तो सांगतो की आवाज पुन्हा निसटत चालला होता, आणखी मिनिटभराने बटणच संपलं असतं. अंधार पडायच्या आत तो पोचला. इंजिनियरचा पाय प्लास्टरमध्ये आहे, पण आहे.

त्या दिवशी तंबूत तुझं पत्र साहेबांना पूर्ण वाचून दाखवलं, आलं तेव्हाची तारीखसुद्धा. ते मला जे बोलले ते लिहीत नाही. सेटांबद्दल एवढंच म्हणाले की आठही खोल, ती बाई सांगते तसं कर. आता रोज रंग घासतो.

लोभ ठेव म्हणायला तोंड नाही. तरी ठेव.

तुझा दादा,
जयदेव


खरवई, बदलापूर
ता. ४ जून १९८९

ती. दादास,
बकुळाचा सप्रेम जयभीम. वि. वि.

पत्र परवा मिळालं. आईला फक्त अ‍ॅक्सलचं सांगितलं. ती म्हणाली, गाडीच मोडली ना, पोरगं नाही ना, आणि लगेच उठून कल्याणच्या स्थळाला पोस्टकार्ड लिहायला बसली.

तू पत्र लपवलंस यावर मला बरंच बोलायचं होतं. रात्रभर वाक्यं जुळवली. सकाळी लक्षात आलं की फेब्रुवारीत मीही एक वाक्य असंच जुळवून लिहिलं होतं. म्हणून राहू दे.

काल तुझी दोन पानं शेठना वाचून दाखवली. ते म्हणाले, चूक ड्रायव्हरची, दगडात गाडी घालायचीच कशाला. मग क्वॅक क्वॅकचा मजकूर पुन्हा वाचायला लावला. हसले नाहीत. मी माझी वही गोळा करून घरी आले. परत जायचं नाही असं ठरवलं होतं.

आज सकाळी डबा घेऊन उभी राहिले, पाय तिकडेच वळले. टेबलावर पंखा नव्हता. शेठनी तो आपल्या गादीवर नेऊन ठेवला आहे, तोंड भिंतीकडे करून. मला म्हणाले की वय झालं, उकाडा सोसत नाही, पंखा आता मलाच लागतो. डबीबद्दल एक अक्षर नाही. पण मधूकाका कात्रीने पत्रा कापत बसले होते, दीड इंच बाय एक इंच. माझ्याकडे न बघता म्हणाले, नजर लागली ती बरी लागली.

आम्ही सगळे आता घामात काम करतो. कार्डावर मी एक रकाना वाढवला आहे: पंख्याशिवाय, झाकण लावून, दहा मिनिटांनी. आज सहा तपासले, दोन पास झाले. उरलेल्यांबद्दल उद्या भांडण होईल.

तुझ्या जीपच्या सेटमध्ये असलेलं जुनं कार्ड फाडून टाक. सोबत नवं पाठवते आहे, सेटचा नंबर तू घाल. आकडा दीड किलोहर्ट्झ, शेरा नापास. रंग आणि थर्माकोलचं काम झालं की मस्कतला कोणाकडून तरी मोजून घेऊन खाली आकडा लिही आणि मला कळव, मग शेरा बदलेन. सही या वेळी पूर्ण नावाने केली आहे आणि खाली घरचा पत्ता घातला आहे. कोणाला विचारायचं झालं तर शोधावं लागू नये.

भगवंतला माझा जयभीम सांग. गाणं त्याचं त्याने म्हणावं, पण आवाज घुमवायचं बटण शून्यावर ठेवावं.
तुझ्या आकड्याची वाट बघते.

तुझी,
बकुळा भीमराव गांगुर्डे