फुलाबाईची रिकामी खुर्ची

रविवार, १२ जानेवारी

नाटक संपलं, लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते आणि पहिल्या रांगेतली फुलाबाई मडावीची खुर्ची रिकामी. गोष्ट तिचीच. शहराबाहेर बेसाकडच्या बांधकामावर ठेकेदाराने तिच्यावर चोरीचा आळ घेतला, गोंडाची बाई म्हणून कोणी तिचं ऐकलंही नाही. नाटक मी लिहिलं, त्यात तिची भूमिकाही मीच करते. हातांवर तिच्यासारखं गोंदण पेनाने काढून घेते.

बाहेर आले तर ती फाटकाशी बसलेली. हातात मी दिलेला पास.

"फुलाबाई, आत काहून नाही आल्या?"

"चौकीदार म्हणे, हा पास कुठून उचलला?"

मी भांडायला गेले तर त्याने मला सलाम ठोकला. माझ्या हातांवरही तेच गोंदण होतं की! मग? पेनाचं आहे हे त्याला लांबूनच कळलं?

फुलाबाईने विचारलं, "शेवटी काय होते वं ताई नाटकात?"

"ठेकेदार तुमची माफी मागतो. सगळ्यांसमोर."

ती हसत सुटली. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "हे कोणाले सुचलं वं?"

मलाच सुचलं होतं. सगळ्यात जास्त टाळ्या तिथेच पडतात.