आप्पा वाघाला भ्याले न्हाईत

ता. ३० एप्रिल १९३८, शहापूर

आणि परत तेच. अजून पाय धुतले न्हवते तर अण्णा म्हणाला, "आलास? वाटलं इंदूरलाच बायको करून बसलास." मी म्हणालो, महिन्याच्या महिन्याला मनिऑर्डर कोण करतं? तर म्हणे, "पैशानं मागाचा धोटा पलीकडं जातो व्हय रं?" दिवाळीपासून प्रत्येक पत्रात हेच एक वाक्य. थोरला भाऊ, म्हणून गप बसलो. दोन दिवस गाडीत बसून आलतो, भांडायला जोर न्हवता.

रजा थोडी. गिरणीच्या मुकादमानं बजावलंय, दहा तारखेला खात्यात दिसला न्हाईस तर तुझ्या साच्यावर, म्हणजे गिरणीतल्या मागावर, दुसरा माणूस. घरी सांगितलं न्हाय.

ता. १ मे

आप्पा सकाळपासून मागावर. मी जवळ जाऊन बसलो. आई तिथंच, मागाच्या खड्ड्याच्या कडेला पाट टाकून. पूर्वी ती आतल्या सोप्यात कांड्या भरायची, मागाकडं फिरकायची न्हाय. आता धागा तुटला की तीच वाकून सांधते. म्हणालो, "आप्पा, म्हातारपणी लई सोबत लागाय लागली की." आप्पा हसले. आई न्हाय हसली.

लुगडी साधीच चाललीत. बारीक नक्षीचे काठ कुठं गेले विचारलं. अण्णा म्हणाला, गिऱ्हाईक न्हाय.

मंगळवारी निपाणीला जायचं. आक्का तिथं दिलेली. तिच्या गावाबाहेर टेकडीवर कुणा सरकारांचा बंगला आहे. सरकार वारल्यावर मुलानं सगळ्या वस्तू होत्या तशा मांडून लोकांना बघायला मोकळा केलाय, भोवती बाग. आक्काचा निरोप: भाकरी तुम्ही आणा, वांग्याची भाजी मी. अण्णा कुरकुरला, दोन माग बंद ठेवून बंगले बघायचे? आई म्हणाली, "जाऊ या. ह्यांना बघून घेऊ दे एकदा." मला वाटलं म्हातारी हौशी झालीय.

ता. ३ मे, निपाणी, आक्काच्या घरी

सगळं नीट लिहितो, न्हायतर डोकं फुटंल.

सकाळच्या मोटारीनं निघालो. संकेश्वरला चहा घेतला. आप्पांचा हात कपाच्या अलीकडंच थांबला. चहावाल्यानं हातात दिला. तेव्हा काही वाटलं न्हाय.

बंगल्यात वहाणा बाहेर काढायच्या. आत गारवा. आक्का पुढं, बंगला तिच्या सासऱ्याचा असल्यागत. न्हाणीत पांढरं लांबोडकं टाकं. आई म्हणाली, "घरात जनावरांना पाणी पाजायचे व्हय गं?" आक्का, "सरकार त्यात बसून आंघोळ करायचे." "बसून? मग सरकारांनी घाण धुतली कुठं आणि बसले कुठं?" सगळे हसलो. अण्णासुद्धा.

मधल्या दालनात दाराला लागूनच वाघ. भुसा भरलेला, पण जबडा उघडा आणि काचेचे डोळे. आई किंचाळली. मी दचकलो, कबूल करतो. आप्पा सरळ गेले, वाघाच्या तोंडापासून वीतभर अंतरावरनं, मान न वळवता. आक्का टाळ्या पिटून म्हणाली, "बघा, आप्पा वाघाला भ्याले न्हाईत!" बघ्यांतला एकजण म्हणाला, म्हातारा जुन्या हाडाचा. आप्पा थांबून म्हणाले, "भ्यायचं काय त्यात." मला अभिमान वाटला.

मग राणीसाहेबांची खोली. पलंगावर त्यांचं लुगडं पसरलेलं, पुढं दोरी बांधलेली. आई हळूच म्हणाली, "रेशमी लुगडं हाय, समोरच." आप्पा निघाले ते दोरी पोटाला लागून तिचा खांबच आडवा झाला. तरी थांबले न्हाईत. आधी हात पडला पलंगपोसावर, तो चाचपत चाचपत लुगड्याच्या काठावर गेला आणि त्यांनी काठ उलटा केला. आमच्यात कापड उलटून बघितल्याशिवाय कुणी बरं-वाईट बोलत न्हाय. लग्नात आहेराचं लुगडं आलं तरी आधी उलटी बाजू.

पहारेकरी धावला. "ओ म्हातारबा! एवढी दोरी दिसत न्हाय व्हय?"

"दिसतीय की," आप्पा म्हणाले. हात काठावरच. "ह्ये दोघांनी विणलंय. निम्म्यात हात बदललाय. पहिला घट्ट ठोकत हुता, दुसरा भीत भीत."

पहारेकऱ्यानं मनगट धरलं. लोक हसले. अण्णानं हातापाया पडून सोडवलं. मी वाकून काठ बघितला, मला इकडून तिकडं सारखाच दिसला. आईनं दोरीवरनंच हात लांबवून काठावर बोट फिरवलं आणि आप्पांचं खरं म्हणून मान डोलावली.

बागेत जेवायला बसलो. आई पानात वाढताना बारीक आवाजात, "उजवीकडं चटणी. कांदा वरच्या अंगाला." मी ऐकलं.

विचारलं, "आप्पा, समोर काय हाय ओ?"

"गुलमोहोर. वैशाखात दुसरं काय असणार?"

गुलमोहोर आमच्या पाठीमागं होता. समोर कारंजं, आणि तेही बंद. आक्का उगाच भाजी वाढत राहिली.

ता. ४ मे, शहापूर

अण्णाला परसात गाठलं. म्हणाला, दिवाळीपासून. डावा पार गेला, उजव्याला सगळं धुरकट. मोतीबिंदू. आई रंग सांगते, धागा सांधते, आप्पा हातानं विणतात. सूत आणि रेशीम देणाऱ्या व्यापाऱ्याला कळलं तर दुसऱ्या दिवशी माल बंद. म्हणून आप्पांनी शपथ घातलेली, धाकट्याला कळवायचं न्हाय, तो चार जणांत बोलून बसंल.

"म्हणून तर लिहीत हुतो परत ये म्हणून. तुला वाटलं भांडतोय."

"नीट लिहायचं हुतंस."

"पत्र इथं कोण कोण वाचतं, ठावं हाय तुला?"

खरं आहे. पोस्टातनं आलेलं पत्र आमच्या बोळात आधी तिघं वाचतात.

ता. ६ मे

मिरजेला डोळ्याचे डॉक्टर आहेत. मोतीबिंदू काढतात, पण पुष्कळ दिवस पट्टी, हलायचं न्हाय, जवळ माणूस पाहिजे. अण्णा म्हणतो, मी नेतो, तू महिनाभर आप्पांच्या मागावर बस. दोन्ही माग बंद दिसले की व्यापारी चौकशीला येणारच. मी मुकादमाची गोष्ट सांगितली. अण्णा भडकला. "साचा मोठा का बाप मोठा?" मीही बोललो, नको ते. माझ्या पैशावरच अर्धं घर चाललंय, हे बोलायला नको होतं. आतून आप्पांचा आवाज, "माझ्या डोळ्यांपायी भांडू नगासा. माझं कान शाबूत हायत."

जवळ जाऊन बसलो. म्हणालो, चला मिरजेला. म्हणाले, "आता निदान वाटतं, कधीतरी दिसंल. चाकू लावून न्हाय दिसलं तर मग काय वाटून घ्यायचं?"



ता. ७ मे, गाडीत

निघालो. भित्रा म्हणा, काही म्हणा. साचा गेला तर मिरजेचा खर्च कुठनं, हा विचार खरा आहे. पण तेवढाच खरा आहे का, ते…

आप्पा स्टेशनावर आलते. माझ्या सदऱ्याची कड चिमटीत धरली, उलटी केली. "गिरणीचं?" व्हय म्हणालो, माझ्याच साच्यावरचं. मी इंदूरला गेल्यापासून तीन वर्षं गिरणीच्या कापडाला शिव्या दिल्या त्यांनी. आज बराच वेळ चोळत राहिले, मग म्हणाले, "बरं हाय." गाडी हलली. हात वर केला त्यांनी, पण माझा डबा पुढं गेलता.

ता. १० मे, इंदूर

वेळेत पोचलो, साचा मिळाला. दुपारी चालू साच्यापुढं डोळे मिटून उभा राहिलो. म्हटलं बघू किती वेळ जमतंय. दहा धागे तुटले. मुकादम आईवरनं बोलला. दंड.

ता. २२ मे

अण्णाचं पत्र. शाईत न्हाय, पेन्सिलीनं, घाईत. व्यापाऱ्याचा माणूस दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा आप्पांना ताप आहे सांगितलं, दुसऱ्यांदाही ताप. तिसऱ्यांदा काय सांगायचं? आईचा हात चुकला, एका लुगड्यात हिरव्याच्या जागी निळं गेलं.

आणि शेवटी: आप्पा मिरजेला जायला तयार झालेत. "पण म्हणतात धाकटा बरोबर आला तरच. तू न्हे त्यांना, मी माग सांभाळतो. आठ दिवसांत कळव, न्हायतर परत न्हाई म्हणतील."

भांडणाचं एक अक्षर न्हाय पत्रात. त्याचीच जास्त भीती वाटते.

ता. २४ मे

मुकादमाला विचारलं. म्हणाला, "जा की, कोण धरतंय? साचा मात्र तुझी वाट बघत बसणार न्हाय." खोलीतले म्हणतात पैसे पाठव, मोठा भाऊ आहे की. आप्पांनी मलाच का सांगितलं? अण्णा त्यांच्याजवळ रोज आहे. मी तर पळून आलेला.

झोप न्हाय. जेवण जात न्हाय.

ता. २५ मे

पोस्टात गेलो. मनिऑर्डरच्या फॉर्मच्या खाली चार ओळी लिहायला जागा असते. 'येतो' लिहिलं. खोडलं. नवा फॉर्म मागितला, बाबू चिडला. नव्यावर 'अण्णानं न्यावं' लिहायला लागलो, 'अण्णा'पाशीच थांबलो. तिसरा मागायची लाज वाटली. तोही खोडून खिडकीतून आत सरकवला. बाबू म्हणाला, "मजकूर काय?" म्हटलं, काही न्हाय, नुसते पैसे.

खोलीभाड्याचे आणि खानावळीचेही त्यातच घातले. रक्कम अक्षरी रुपये सतरा फक्त.