वाचनालयासाठी जुना प्रोसेसर

बाबा, आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. तुम्ही जाऊन वीस वर्षं झाली म्हणून मी गप्प बसेन, असं समजू नका.

सांडोरच्या आपल्या वाचनालयाचा संगणक गेल्या महिन्यात कायमचा बंद पडला. त्यावर मी गावातल्या म्हाताऱ्या बायकांकडून ऐकलेले आपल्या बोलीतले शब्द टाइप करत होते. त्यातल्या सर्वांत जाणत्या मावशी आता अंथरुणावर आहेत; त्या वर्षभर थांबतील याची खात्री कोण देणार? आणि कमिटी म्हणत होती, वर्षभर वर्गणी गोळा करू, मग नव्या पिढीचा प्रोसेसर घेऊ. मी म्हटलं, पाच-सहा वर्षांपूर्वीचा, चार कोअरचा, कुठल्याशा ऑफिसातून निघालेला घेऊ आणि याच आठवड्यात कामाला लागू. ग्राफिक्स त्याच्या आतच आहे, वेगळं कार्ड लागत नाही. त्याला बसणारा मदरबोर्ड अजून मिळतो, हे मी आधी पाहून आले होते. शब्द टाइप करायला याहून जास्त काय लागतं?

वालीवच्या कारखान्यात तुमच्याबरोबर असलेले काका आता कमिटीचे अध्यक्ष आहेत. सभेत ते म्हणाले, "बाय, लोकांनी काढून टाकलेलं आपण आणायचं? तुझ्या बाबाने असं केलं नसतं."

"नसतं केलं. म्हणून तर मी बोलतेय."

मागून कुणीतरी म्हणालं, "हिच्या हातात माइक देऊ नका, चर्चमधली संध्याकाळची मिस्सा बुडेल."

माइक नव्हताच. तरी मी अर्धा तास बोलले.

बोलताना मी मनाने पुन्हा आठ वर्षांची होते. चर्चमधल्या पहिल्या कम्युनियनच्या विधीसाठी शेजारच्या काकींनी त्यांच्या मुलीचा पांढरा फ्रॉक दिला आहे, मी तो घालून स्वयंपाकघरात गिरक्या घेते आहे, आणि तुम्ही कामावरून येता. हाताला ऑइलचा वास. "उतरलेलं आपल्या घरात येत नाही. देऊन ये." केळीच्या बागेतून तो फ्रॉक छातीशी धरून मी परत गेले. तुम्ही नवा शिवून आणलात, सुंदर होता. पण काकी त्यानंतर आपल्या दारात आल्या नाहीत, हे तुम्ही कधी पाहिलंत? पुढे मोठी झाल्यावर मी विचारलं, तुम्ही कारखान्यात चालवता ती लेथ मशीन तर तुमच्यापेक्षा वयाने मोठी आहे, तिचा कसा अभिमान वाटतो? तुम्ही म्हणालात, "ती मालकाची आहे."

त्या उत्तराचा राग अजून गेलेला नाही. मालकाने जुनं वापरलं तर हुशारी, आपण वापरलं तर लाज? ही लाज आपल्याला कुणी शिकवली आणि त्यात कुणाचा माल खपला, हे एकदा तरी विचारायचं होतंत. तुम्ही चुकलात, बाबा. हे तुमच्या तोंडावर सांगायचं राहिलं, म्हणून या वहीत लिहिते. वहीतच राहील.

ठराव माझ्या बाजूने झाला. संगणक सुरू आहे, मावशींचे चाळीस शब्द चढले. रविवारी मिस्सेनंतर फादर त्याला आशीर्वाद द्यायला आले. पवित्र पाणी लांबूनच शिंपडा, असं काकांनी त्यांना दोनदा बजावलं. फादर या गावात नवे आहेत. संगणकाचा वरचा डबा मी माझ्या पैशाने कोरा आणला होता, काळा, बाजूला काच असलेला. जुना डबा चालला असता. फादर त्याच्याकडे बघत म्हणाले, "छान आहे. नवीनच घेतला ना?"

मी म्हणाले, "हो, फादर."